येरमाळा उतरणारे पुढं या

गाव कुठलं म्हणून कुणी विचारलं की मी येरमाळा सांगतो. त्यावर तीन प्रकारची उत्तरं येतात. समोरचा पुण्या-मुंबईचा असला तर "यवतमाळ का?" आपल्याकडचा, म्हणजे बीड-लातूर-सोलापूरचा असला तर त्याचा हात आपोआप कपाळाकडं जातो आणि तो म्हणतो, "येडाईचं येरमाळा!" तिसरा प्रकार गाडी चालवणाऱ्यांचा. "सोलापूर-धुळे रोडवरचा तो फाटा ना? सोलापूरहून आलं की डावीकडं बार्शी, उजवीकडं कळंब. तिथं चहा प्यायलोय आम्ही."

यवतमाळवाले सोडून देऊ. राहिल्या दोन ओळखी, देवी आणि फाटा. दोन्ही खऱ्याच आहेत, नाकारायचं काही कारण नाही. पण आम्ही जी पोरं शिकून बाहेर पडलो, पुण्यात हिंजवडी-वाकडला फ्लॅटात राहायलो, त्यांनी त्यात आपली एक भर घातली आहे. ती म्हणजे "गाव आता पहिल्यासारखं राहिलं नाही राव." हे वाक्य दर दिवाळीला आणि दर चैत्री पौर्णिमेला गावाकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर न चुकता येतं. सोबत बैलगाडीचा एक फोटो. (बहुतेक वेळा तो फोटो आपल्या गावचा तर सोडाच, आपल्या राज्यातलाही नसतो.)

आता "पहिल्यासारखं" म्हणजे कधीसारखं? १९९०? १९७२? १९४८? असं उलट विचारून बघा. समोरून अंगठ्याची इमोजी येते आणि विषय संपतो. माझं म्हणणं असं आहे की गावाचं मधलं काहीच कुणी लिहून ठेवलेलं नाही, म्हणून हे वाक्य एवढं स्वस्त झालंय. देवीची कथा सगळ्यांना पाठ आहे, फाट्यावरच्या हॉटेलांची नावं पाठ आहेत. या दोहोंच्या मधे जे गाव आहे ते फक्त काही म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यात आहे. ते उतरवून घ्यायला हातात फार तर पाच-सात वर्षं उरली आहेत. आज लिहायला बसलोय ते यासाठी.

हे डोक्यात यायला निमित्त झालं आमच्या क्लायंटकडच्या एका माणसाचं. प्रोजेक्ट ऑस्ट्रेलियाचं आहे, त्यामुळं आमची सकाळ त्यांच्या दुपारवर चालते. शुक्रवारचा कॉल लवकर आटपला की गप्पा निघतात. हा गडी आतल्या गव्हाच्या पट्ट्यातल्या एका खेड्याचा. वस्ती काहीशे. एक पब, गव्हाचे दोन उंच कोठार, बंद पडलेली शाळा आणि एक जुना हॉल. त्या हॉलमध्ये गावातल्या पाच-सहा म्हाताऱ्यांनी गावाच्या इतिहासाचं मंडळ चालवलंय. शाळेचे जुने हजेरीपट, दुकानाच्या वह्या, लग्नाचे फोटो, सगळं नीट पेटीत, वर चिठ्ठ्या. अशी मंडळं तिकडं खेडोपाडी आहेत. पहिल्या महायुद्धात गावातून कोण कोण गेलं त्यांची नावं कोरलेला दगडही जवळपास प्रत्येक गावात असतो.

गंमत बघा, त्याच्या गावाला दीडशे वर्षं झाली नाहीत. आणि त्यानंच पुढं सांगितलं की या दीडशेची सुरुवातच चुकीची आहे. गोरे शेतकरी येण्याआधी तिथं हजारो वर्षं आदिवासी राहत होते, त्यांच्याबद्दल त्या पेट्यांमध्ये कागद नाही. आता मंडळातल्या लोकांमध्ये त्यावरूनच वाद चाललाय. मला तो वाद हेवा वाटण्यासारखा वाटला. आपल्याकडं कुणाचं नाव गाळलं यावर भांडायलाही आधी यादी तर पाहिजे!

असो. येरमाळ्याकडं येऊ.

येरमाळ्याची सगळ्यात मोठी गोष्ट देवीची, पण मला विचाराल तर दुसरी मोठी गोष्ट सरहद्दीची आहे, आणि ती आमच्या पिढीला कुणी सांगितलेलीच नाही. गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत. पश्चिमेला थोडं गेलं की बार्शी तालुका लागतो. आज तिथं जिल्हा बदलतो म्हणून रस्त्याकडंला एक पाटी आहे, बास. पण १९४८ पर्यंत तिथं राज्य बदलत होतं. बार्शी सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. आणि आम्ही हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. जुनी माणसं अजूनही आपल्या भागाला "मोगलाई" म्हणतात. कुणी काही मनमानी केली की "ही काय मोगलाई लागून गेली का?" असं सगळ्या महाराष्ट्रात म्हणतात, पण आमच्याकडं तो पत्ता होता हो!

बाजार बार्शीला आणि राज्य हैदराबादचं. बार्शीला १८९७ साली छोटी रेल्वे आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं अडीच फुटी रुळांवर ती चालवून दाखवली, आणि अरुंद रुळांवरही चांगला माल वाहता येतो हे सिद्ध केलं. १९११ मध्ये ती लातूरपर्यंत गेली. आमच्या दक्षिणेला येडशीला स्टेशन झालं. येरमाळ्याला रेल्वे आली नाही, आजही नाही. त्यामुळं धान्य, गूळ, कापूस बैलगाडीवरून बार्शीच्या बाजाराकडं आणि तिकडून कापड, मीठ, काड्यापेट्या इकडं. मधे निजामाचा नाका. जकातीला करोडगिरी म्हणायचे आणि नाक्याला करोडगिरी नाका. नाणंही वेगळं. निजामाचा तो हाली सिक्का आणि इंग्रजांचा तो कलदार. सात हाली दिले की सहा कलदार मिळायचे. म्हणजे आमच्या पणज्याला बाजाराला जाताना रुपयाचा भाव मनातल्या मनात करावा लागायचा. आम्ही ऑनसाइटला गेलेले लोक डॉलरचा भाव रोज बघतो, तसंच काहीसं.

आजी सांगते, तिचे वडील बार्शीहून येताना कापड अंगाला गुंडाळून, वर सदरा घालून यायचे. जाताना हडकुळे आणि येताना पोट सुटलेले! नाक्यावरच्या शिपायाला हे कळत नसेल असं मला वाटत नाही. त्याचंही काही ठरलेलं असणार. पण आता त्या शिपायाची बाजू सांगायला कोण आहे?

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला अलीकडंच वाचताना कळली. हा धाराशिव-नळदुर्गचा सगळा मुलूख १८५३ मध्ये वऱ्हाडाबरोबर निजामाकडून इंग्रजांकडं गेला होता आणि १८६० मध्ये परत निजामाला मिळाला. म्हणजे सात वर्षं आम्ही "कलदार"वाले होतो. त्या काळात नळदुर्गचा कारभार फिलिप मेडोज टेलरकडं होता. ठगांवरची प्रसिद्ध कादंबरी लिहिली, तोच हा. एवढा मोठा लेखक आपल्या भागात अधिकारी होता आणि बारावीपर्यंत मला हे कुठल्या सरांनी सांगितलं नाही. सरांचा दोष नाही म्हणा, त्यांच्याही पुस्तकात नव्हतं.

मग १९४७-४८. देश स्वतंत्र झाला, आम्ही झालो नाही. बार्शी तालुक्यात सरहद्दीला लागून स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांचे कॅम्प होते. तिथून ते इकडच्या करोडगिरी नाक्यांवर, चौक्यांवर हल्ले करायचे. इकडं रझाकार. बरीच कुटुंबं रातोरात सरहद्द ओलांडून नातेवाइकांकडं गेली. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरच्या बाजूनं भारतीय फौज नळदुर्गवरून आत शिरली आणि १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. हे सगळं १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला भाषणात येतं. आलंच पाहिजे.

पण त्याच्या पुढचे काही आठवडे भाषणात येत नाहीत. फौजा आल्यानंतर मराठवाड्यात मुसलमान वस्त्यांवर जे झालं त्याची पाहणी करायला नेहरूंच्या सरकारनं पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तिनं उस्मानाबादचं नाव घेतलं. बाकीचे गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आलाच नाही. मी हे कुणाला बोल लावायला लिहीत नाही. येरमाळ्यात नेमकं काय झालं याचा कागद माझ्यासमोर नाही, म्हणून त्याबद्दल एक शब्द लिहिणार नाही. एवढंच सांगतो, गावातल्या दोन वेगवेगळ्या गल्ल्यांत बसून "पोलीस ॲक्शनच्या टायमाला" असं म्हणून बघा. एका गल्लीत आवाज चढतो, दुसऱ्या गल्लीत माणसं चहाचं विचारतात. दोन्ही गल्ल्यांचं लिहून घेतलं पाहिजे, आणि दुसऱ्या गल्लीचं आधी. कारण तिथं सांगणारे कमी उरलेत.

आता हे सगळं वाचून कुणी म्हणेल, भाऊ, तुझं पोट भरलंय, तुला इतिहास सुचतो. सोयाबीनचं बोल.

बरोबर आहे. पण २०२३ मध्ये काय झालं ते आठवा. मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं, कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि मराठवाड्यातलं प्रत्येक घर एका रात्रीत इतिहास संशोधक झालं. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली आल्या. २०२५ च्या सप्टेंबरात तर सरकारनं हैदराबाद गॅझेटियरचा निर्णय काढला आणि "गॅझेटियर" हा शब्द पारावरच्या माणसाच्या तोंडात आला. कळंबच्या एका चहाच्या टपरीवर मी दोन म्हाताऱ्यांना गॅझेटियरच्या पानांवरून भांडताना ऐकलंय. तेव्हा जुना कागद हा पोट भरलेल्यांचा छंद नाही हे तरी आता मान्य व्हावं. आरक्षणाच्या वादात मी इथं पडत नाही, त्यावर लिहिणारे खूप आहेत.

आमच्याही पेटीतून एक कागद निघाला. उर्दूत. घरातल्या चार पिढ्यांपैकी एकालाही वाचता येईना. चुलत्यांनी फोटो काढून मला पाठवला, "तू कम्प्युटरवाला, बघ कायतरी" म्हणून. मी ॲपवर टाकून बघितला. त्या शिकस्ता वळणाच्या अक्षरापुढं ॲपनं हात टेकले आणि मला एका लोणच्याच्या पाककृतीसारखं काहीतरी भाषांतर दिलं. :-) शेवटी शेजारच्या गावातल्या निवृत्त उर्दू मास्तरांनी अर्ध्या तासात वाचून दाखवला. तारीख फसली सनातली, महिना बहमन. निजामाच्या फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष आलं १९३४. (वेगवेगळ्या टाइमझोनच्या तारखा जुळवण्यात माझी अर्धी नोकरी जाते, पण फसलीची लायब्ररी अजून कुणी लिहिलेली मला दिसली नाही.)

घरातल्यांना कुणबी हा शब्द हवा होता. कागद निघाला विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा. आमच्या खापरपणज्यानं आणि शेजाऱ्यानं एका विहिरीवर आठवड्याचे दिवस कसे वाटून घ्यायचे, मोट कुणाची, नाडा तुटला तर खर्च कुणाचा, सगळं कलमवार. घरचे नाराज झाले आणि कागद परत पेटीत. मला मात्र तो सोन्याचा वाटला. कारण ती विहीर अजून आहे, मोटर बसवलेली आहे आणि त्याच दोन घरांत पाण्यावरून आजही बोलणं बंद आहे. नव्वद वर्षांपूर्वी हे भांडण मिटलं होतं आणि कसं मिटलं ते लिहून ठेवलं होतं, हे दोन्ही घरांना माहीतच नाही! मास्तरांनी वाचलेला मजकूर मराठीत टाइप करून मी त्याच्या दोन प्रती काढल्या. एक शेजाऱ्यांना दिली. बोलणं अजून सुरू झालेलं नाही, पण "आमच्या दिवसांत सोमवार होता का?" असा निरोप आलाय.

हे मास्तर ऐंशीच्या पुढचे आहेत. मोगलाईतली प्रत्येक जमीन, प्रत्येक तंटा याच लिपीत नाहीतर मोडीत पडून आहे, आणि ते वाचणारी माणसं तालुक्यात बोटावर मोजण्याएवढी. याच्याइतकी सरळ गोष्ट मी दुसरी सांगू शकत नाही.

आता देवी. तिला शेवटी ठेवलं म्हणून येडाई माफ करो.

कथा सगळ्यांना माहीत आहे ती अशी. राम सीतेला शोधत हिंडत होता. पार्वतीनं त्याची परीक्षा बघायला सीतेचं रूप घेतलं. रामानं ओळखलं, आणि तिला वेडी म्हणाला. वेडीची झाली येडी, येडीची येडाई, येडेश्वरी. तुळजापूरच्या भवानीची ही बहीण मानतात. देऊळ डोंगरावर, पायऱ्या चढून जायचं. चैत्री पौर्णिमेला मोठी यात्रा, श्रावण पौर्णिमेला दुसरी. चैत्रातल्या उन्हात लाखो माणसं येतात. गळ्यात कवड्यांच्या माळा, हातात पोत आणि परडी, संबळाचा आवाज, आराध्यांचे मेळे. "आई राजा उदो उदो" रात्रभर कानात घुमत राहतं. आराधी गाणी म्हणणाऱ्या बायकांना मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यातल्या कित्येक जणी शाळेत गेलेल्या नाहीत, पण तासन् तास न अडखळता गातात. त्यांची गाणीही कुणी घरोघर जाऊन उतरवून घेतलेली नाहीत. कॅसेटच्या काळात बाजारात विकलं गेलं तेवढं टिकलं, पुढं त्याच्यावर डीजेचे ठोके चढले.

पण यात्रेतला माझा आवडता दिवस पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचा. त्या दिवशी पालखी डोंगरावरून निघून आमराईतल्या देवळाकडं जाते. वाटेत एक रान लागतं, त्याला चुन्याचं रान म्हणतात. तिथं आलं की सगळी गर्दी खाली वाकते. म्हातारी, पोरं, मुंबईहून आलेले, फौजदार, सगळे. जमिनीतले पांढरे चुनखडीचे खडे वेचतात. पाच खडे. ते नेऊन वाहतात. देवळाला या चुन्याचाच रंग द्यायची पद्धत होती असं सांगतात. पालखी मग पाच दिवस आमराईत मुक्काम करते.

दरवर्षी लाखो माणसं खडे वेचतात आणि तरी पुढच्या वर्षी रान पांढरं, हा देवीचा चमत्कार असं गावात मानतात. माझ्यातल्या इंजिनिअरला राहवलं नाही. आपल्याकडच्या काळ्या जमिनीत चुना असतोच. कमी पावसाच्या मुलखात तो पाण्याबरोबर पार खोल धुऊन जात नाही, ऊन पडून ओल आटली की जमिनीतच त्याचे खडे धरतात. नांगरट झाली, पाऊस पडला की खालचे वर येतात. सिमेंटच्या आधी गढ्या, वाडे, देवळं बांधली ती असाच चुना भाजून. आता हे सगळं आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग? वर कोण आणतंय त्याला?" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं.

मला या विधीत दिसतं ते वेगळंच. देवळाची डागडुजी हे खर्चाचं, रटाळ काम. कुणीतरी पूर्वी ते सगळ्यांमध्ये वाटून टाकलं. माणशी पाच खडे. कुणावर बोजा नाही, कुणी वगळलेलं नाही, आणि काम दरवर्षी होणार म्हणजे होणारच. गावाचा इतिहास लिहायची पद्धत मला हीच योग्य वाटते. एक विद्वान येऊन ग्रंथ लिहील याची वाट बघण्यात अर्थ नाही. माणशी पाच गोष्टी गोळा झाल्या तरी रान पांढरं होईल.

आता "गाव राहिलं नाही" वाल्यांकडं वळतो.

गाव ओस पडलंय, हे मला मान्यच नाही. आमच्या आळीतली दहा घरं बंद आहेत, हे खरं. पण ती आमची आळी आहे. आपलं घर बंद म्हणजे गाव बंद असा हिशेब आपण बाहेरची मंडळी करतो. फाट्याकडं जाऊन बघा. आसपासच्या लहान गावांतून येऊन तिथं दुकान टाकलेली माणसं आहेत, भाड्यानं राहणारे शिक्षक आहेत, पोलीस ठाणं आहे, हॉटेलात राबणारी परराज्यातली पोरं आहेत. त्यांच्यासाठी येरमाळा हे गाव सोडून जायचं ठिकाण नाही, गावात येऊन राहायचं ठिकाण आहे. पन्नास वर्षांनी त्यांची नातवंडं "पहिल्यासारखं राहिलं नाही" म्हणतील तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर हाच फाटा असेल.

दवाखान्याला बार्शी, कोर्टाला कळंब, कलेक्टरला धाराशिव, बारावीला लातूर असं आमचं आयुष्य चार दिशांना वाटलेलं आहे, आणि ते कायमच तसं होतं. पण शिक्षणाचं उलटंही झालंय. कळंबच्या मोहेकर महाविद्यालयाची पाटी नीट वाचा, संस्थेचं नाव आहे ज्ञान प्रसारक मंडळ, येरमाळा. तालुक्याच्या गावाला कॉलेज दिलं ते आमच्यासारख्या गावाच्या नावानं चालणाऱ्या संस्थेनं. हे किती जणांच्या लक्षात आहे?

बाकी आजचं जगणं सोपं नाही, त्यावर साखर पेरायची गरज नाही. ज्वारी गेली, सोयाबीन आलं. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात चार हजारांच्या आसपास मिळत होते. पाण्याचं तर बोलूच नका. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन रेल्वे निघाली ती येडशीवरूनच गेली. आणि २०२५ च्या सप्टेंबरात त्याच जिल्ह्यात शेतं पाण्याखाली, काळी माती खरवडून गेलेली. चुलते फोनवर म्हणाले, "दुष्काळात माती तरी राहत होती रे." ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले, सुकडी खाऊन राहिलेले लोक अजून गावात आहेत. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ च्या त्या सप्टेंबरनंतर, कित्येक दिवस अंगणात झोपलेले तर माझे आईवडीलच आहेत. डोंगरावर आता पवनचक्क्या उभ्या राहिल्यात. जमीन कुणी किती भाड्यानं दिली, कुणाच्या बांधावरून रस्ता गेला, यावरून घराघरात धुसफूस आहे. हा झाला आजचा करोडगिरी नाका! याचंही आत्ताच लिहून ठेवलं पाहिजे, नाहीतर पन्नास वर्षांनी पुन्हा कुणीतरी पेटी उचकटत बसेल.

आणि रस्ता. आधी तो राष्ट्रीय महामार्ग २११ होता, आता ५२. गेल्या दशकात तो चौपदरी झाला. पुण्याहून येताना मी बार्शीवरून येतो त्यामुळं त्याचा मला फारसा फायदा नाही, पण सोलापूर-संभाजीनगर जाणारी गाडी आता ऐंशी-नव्वदनं सुटते. चांगलं आहे, अपघात कमी व्हावेत, वेळ वाचावा. फक्त येरमाळा हे थांबण्यावर जगलेलं गाव आहे. नाक्यावर गाड्या थांबायच्या, बाजाराच्या वाटेवर बैल सोडायला थांबायच्या, पालखी आमराईत थांबते, एसटी चहाला थांबायची. न थांबता जायचा रस्ता झाल्यावर थांबायला कारण लागतं. देवी हे कारण वर्षातून दोन-चारदा पुरतं. एरवीचं कारण काय, याचा विचार यात्रेच्या गर्दीचे आकडे सांगणाऱ्या पुढाऱ्यांनीही करावा. आमराईजवळ दोन खोल्यांत गावाचे कागद, फोटो, मोटेचं चाक, हाली सिक्के, आराध्यांच्या गाण्यांच्या रेकॉर्डिंग असं काही मांडलं तर यात्रेतला माणूस बघून जाईल. तेरचं उदाहरण जवळच आहे. तिथं रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जुन्या वस्तू वेचल्या, त्यातून संग्रहालय उभं राहिलं आणि जुन्या तगर नगरीची साक्ष आज तिथं बघायला मिळते. त्यांनीही सुरुवात वेचण्यापासूनच केली होती.

तर मी माझ्यापुरतं सुरू केलंय. महिन्यातला एक शनिवार-रविवार. मोबाइलवर रेकॉर्डिंग, घरी येऊन टाइप करणं, ज्याचं त्याला वाचून दाखवून "हे बरोबर हाय का?" विचारणं. प्रश्न पाचच ठेवलेत. पहिल्यांदा बार्शी कधी बघितली? ॲक्शनच्या वेळी घरातले कुठं होते? ७२ ला काय खाल्लं? आमराईत शेवटचं पायी कधी गेलात? आणि कुणाबद्दल विचारायचं राहिलं? या शेवटच्या प्रश्नाला सगळ्यात जास्त उत्तरं मिळतात. गावकुसाबाहेरची नावं, पारधी वस्तीवरची नावं, दुसऱ्या गावाला दिलेल्या आत्यांची नावं. येरमाळ्याचे कुणी हे वाचत असतील, तर तुमच्या घरातलं एक माणूस सुचवा. आमच्या आळीतलं नसलं तर उत्तम.

पुढच्या शनिवारी जिथं जायचंय त्या आजींचं वय ९१ आहे. सरहद्द ओलांडून गेलेल्या कुटुंबांपैकी त्या. ऐकायला कमी येतं, दुपारी झोपतात, त्यामुळं सकाळी दहाच्या आत ये म्हणाल्यात. येताना बार्शीहून मऊ पेढे आणायलाही सांगितलंय.